मामांचा फारसी कागद

आज ट्रंकेतून तेहरानच्या वर्तमानपत्राची कात्रणं निघाली आणि तो कुबट वास नाकात शिरला. नुकत्याच झालेल्या लातूर जिल्ह्यातला तो दुष्काळ आठवला. मी फारसीत एम.ए. करत होतो, या कात्रणांवरून इराणी बायकांच्या नोकऱ्यांवर लिहीत होतो. निलंग्याहून मामा आले. पणजोबांच्या वेळचा, हातानं लिहिलेला फारसी कागद पुढ्यात ठेवून म्हणाले, "हिरीत आपला वाटा हाय का न्हाई, तेवढं वाच."

त्या घसरत्या अक्षरांतली एकही ओळ मला लागेना. छापील फारसी वेगळी असते, हे मी त्यांनाच समजावत बसलो. त्यांनी कागद उपरण्यात गुंडाळला. "असू दे. लई शिकलास."

पुढं ते अक्षर मी शिकलो. कागद मागायला गेलो, तर मामी म्हणाली, "त्यांच्या संगंच मातीत ठिवला."