कशावरून?

माझ्या लेकीच्या वर्गशिक्षिका कुणाचंही ठाम विधान ऐकलं की चष्मा कपाळावर सरकवतात आणि मऊ आवाजात विचारतात, "कशावरून?" लेकीने ही सवय घरी आणली. "भाजी छान झालीय," असं मी बायकोला म्हणालो, तर लेक म्हणाली, "कशावरून?" माझ्यापाशी पुरावा नव्हता.

बाईंनी वर्गाला ऑनलाइन शोधप्रकल्प दिला होता, मंडईतल्या अंजिराचा. ते कुठून येतं हा भूगोल, दुपारी मऊ का पडतं हे विज्ञान, संध्याकाळी भाव किती उतरतो हे गणित आणि विक्रेत्याची आरोळी म्हणजे मराठी. मुलांनी पुस्तकं सोडून फोनवर अंजीर शोधायचं, म्हणून पालक खवळले. पालकसभेत विरोध झाला तर प्रकल्प बंद, असं मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं. मी ठाम बोलतो, म्हणून विरोधाचं भाषण अर्थातच माझ्याकडे आलं. लेकीने माझ्याशी अबोला धरला.

सभेत मी उभा राहिलो. "अंजीर खायचं असतं, अभ्यासायचं नसतं. आणि कुठलंही घ्या, चव सारखीच."

बाईंचा चष्मा कपाळावर गेला. "कशावरून?"

"अहो, पुरंदरच्या अंजिराची सर कशाला नाही," मागचे गृहस्थ म्हणाले.

"आपण दुसरं खाल्लंय का कधी?" त्यांच्या शेजारणीने विचारलं.

मग सगळ्यांनीच पुरावे शोधायला फोन काढले. बाई निवांतपणे एकेकाचा मुद्दा फळ्यावर लिहीत होत्या.

शेवटी मुख्याध्यापिकांनी विचारलं, "मग विरोध कुणाचा आहे?"

"थांबा हो," मी फोनमधून मान वर न काढता म्हणालो, "आधी या पुरंदरवाल्यांचं म्हणणं खोडून काढू द्या."

प्रकल्प चालू राहिल्याचं मला घरी आल्यावर लेकीकडून कळलं.