सासूबाई आणि मुरबाडचा कॉर्न डॉग

स्कूटर शिकले तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. शिकवलं माझ्याच लेकीने, भात कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात. तिथे मी तीनदा पडले. चौथ्या दिवशी डांबरी रस्त्यावर आले आणि महिन्याभरात आमच्या वैशाखऱ्याहून मुरबाडला एकटी जाऊन ब्लाउजच्या अस्तराचं कापड घेऊन आले. मी घरी शिवणकाम करते. आधी अस्तर संपलं की नवऱ्याला सवड होईपर्यंत मशीन झाकून ठेवायचे. आता गाडी काढते आणि जाते. मागून मोठा ट्रक आला की कडेला घ्यायचं, तो गेला की परत रस्त्यावर यायचं. मला ते पहिल्या दिवसापासून जमलं.

घरात मात्र माझ्या मागे बसायला कुणी तयार नव्हतं. नवरा तर म्हणायचा, "मी चालत येतो मागून." शेवटी बसल्या त्या सासूबाई. वय बहात्तर. आणि त्याही माझ्यावर विश्वास टाकून नव्हे, एका खाण्याच्या पदार्थापायी.

लेक कल्याणला हॉस्टेलवर राहते. आजीसाठी रोज काही ना काही माझ्या मोबाइलवर पाठवते. एकदा तिने मुरबाडला उघडलेल्या एका नव्या दुकानाचा व्हिडिओ पाठवला. काठीला लावलेलं जाडजूड काहीतरी तळत होते, वरून साखर भुरभुरत होते, आणि तोडलं की आतलं चीज हातभर ताणलं जात होतं. कोरियन कॉर्न डॉग. सासूबाईंनी तो व्हिडिओ मला पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते तर शेजारी येऊन म्हणाल्या, "ते काठीवरचं मला खायाचंय."

मी भाकरी उलटली. "कधी जायचं?"

"तू नेशील तवा."

नवरा ओटीवरून ओरडला, "आयेला पाडशील कुठंतरी!"

"तू गप रे," सासूबाई म्हणाल्या. "ती नेतेय. तू नाय नेलंस कदी."

सोमवारी सकाळची कामं आटपून आम्ही निघालो. त्या नऊवारीत, एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. टोकावड्यापर्यंत त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. सरळगाव आलं तशी पकड सैल झाली आणि मागून आवाज आला, "ही शेतं कुणाची गो? मळणी नाय झाली अजून यांची." तेव्हा मला कळलं, आता त्यांना भीती वाटत नाही.

दुकान म्हणजे एसटी स्टँडजवळच्या गल्लीतला एक गाळा. आत दोन टेबलं, भिंतीवर गुलाबी रंगात रंगवलेल्या काठ्या, आणि ओट्यामागे एकटीच बाई, सव्वीस-सत्तावीसची, गळ्यात मंगळसूत्र, त्यावर काळा एप्रन. टेबलांवर कॉलेजच्या चार मुली बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या एकमेकींकडे बघून हसल्या. मी सासूबाईंना खुर्ची ओढून दिली आणि काय काय मिळतं ते विचारलं.

"यात कोंबडी-बिंबडी नाय ना?" सासूबाईंनी मधेच विचारलं. "आज सोमवार हाय."

"नाही आजी, चीजचा देते. शुद्ध शाकाहारी," ती म्हणाली.

मुलींच्या चार आणि आमच्या दोन, अशा सहा काठ्या तिने पिठात घोळवल्या, ब्रेडच्या चुऱ्यात लोळवल्या आणि एकदम तेलात सोडल्या. जरा वेळाने दोन काठ्यांचं आवरण फाटलं. चीज तेलात उतरलं आणि कढईभर पांढरा फेस झाला. तिने त्या काढून बाजूला टाकल्या, दुसऱ्या केल्या, तर त्यातली एक पुन्हा फुटली. तिचे कान लाल झाले. "सॉरी हां, पाच मिनिटं," ती म्हणाली. मुलींतली एक कुजबुजली, "मागच्या वेळी पण असंच झालं होतं." ते आम्हाला ऐकू गेलं, म्हणजे तिलाही गेलंच असणार.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, कंटाळल्या, घरी चल म्हणतील. त्या सरळ ओट्यापाशी गेल्या आणि कढईवर कान देऊन उभ्या राहिल्या.

"तेल थंड हाय गो तुजं."

"नाही आजी, गॅस मोठाच आहे."

"गॅस मोठा हाय. पण तू सा काठ्या एकदम टाकल्यास. तेल गार पडलं. पीठ धरायच्या आधी आतला ऐवज वितळला. जरा पीठ टाक बघू त्यात."

तिने थेंबभर पीठ टाकलं. ते तळाशी गेलं आणि सावकाश वर आलं.

"बघ. टाकल्याबरोबर वर याया पायजे. आता थांब. मग दोनच टाक."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. या आजीचं ऐकू का, असं तिला विचारायचं होतं. मी म्हणाले, "ऐका. आमच्या गावात कुणाचंही लग्न असो, वडे याच तळायच्या. पन्नास माणसांचे एका बैठकीत."

हे मी बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं. कारण गेल्या दोन वर्षांत त्यांनी एकही वडा तळला नव्हता. सासरे गेले तेव्हापासून मीच त्यांना चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं. आई, तुम्ही बसा, तुमच्या गुडघ्यांना त्रास होतो. आई, तेल उडेल. मनापासून म्हणायचे. त्या ओटीवर जाऊन बसायच्या, आणि मला वाटायचं, आराम मिळतोय त्यांना.

तेल तापलं. दोन काठ्या पडल्या आणि चुर्र असा भरदार आवाज झाला. "हां, हा आवाज," सासूबाई म्हणाल्या. "आता हात नको लावू. आपून फिरल ती." दोन्ही काठ्या फुगून सोनेरी झाल्या आणि कुठेही फुटल्या नाहीत. पुढच्या दोनही नाहीत.

मग सासूबाईंना जोर चढला. पिठात मूठभर तांदळाचं पीठ घाल, आणखी कुरकुरीत होईल, म्हणाल्या. ती बाई म्हणाली, "आजी, हे पीठ फुगवलेलं असतं, त्यात नाही चालणार." यांनी ऐकलं नाही. शेजारच्या किराणा दुकानातून मलाच पीठ आणायला लावलं. वेगळ्या वाटीत थोडं करून बघितलं, तर काठी अशी कडक झाली की दातच लागेना.

"दगूड झाला," सासूबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "तुजंच बरोबर हाय बाय. पीठ तुजं, तेल माजं."

ती बाईही हसली. मग बोलती झाली. माहेर शहापूरकडचं, शेणव्याजवळ. कल्याणच्या मॉलमध्ये असल्याच एका दुकानात चार वर्षं काम केलं. तिथे तेलाला मशीन होतं, आकडा दाबला की तेल तेवढंच तापायचं. इथे गॅसवर अंदाज येत नव्हता, आणि नेमकं गर्दीच्या वेळी बिघडायचं. "घरी कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "सगळे म्हणतच होते, मुरबाडला कोण खाणार हे."

"मी खातेय कनाय," सासूबाई म्हणाल्या.

आणि खाल्लाच त्यांनी. साखर लावलेला. पहिल्या घासाला चीज ताणलं गेलं तशा त्या घाबरून काठी लांब लांब नेत राहिल्या, शेवटी मी बोटाने ते तोडलं. एका मुलीने मोबाइल काढून विचारलं, "आजी, व्हिडिओ काढू?" सासूबाईंनी आधी पदर नीट केला, मग म्हणाल्या, "काढ. पण तोंड पुसू दे." दुसरी काठी त्यांनी लाल चटणी लावून मागितली. मला विचाराल तर मला ते फार गोड वाटलं. माझा अर्धा त्यांनीच संपवला.

परत येताना मी मनाशी एक ठरवलं. म्हसा गावच्या जत्रेला घरी पाहुणे आले, तेव्हा मी वड्यांचं पीठ मळलं, चुलीपुढे त्यांना बसायला खुर्ची ठेवली आणि हाक मारली, "आई, तळण तुमचं." नवरा म्हणाला, "तिला कशाला त्रास?" मी त्याला बाहेर पाणी द्यायला पाठवलं. सासूबाईंनी झारा हातात घेतला, तेलात पिठाचा थेंब टाकला, आणि मला म्हणाल्या, "जाळ जरा कमी कर गो. घाई हाय का तुला?"

त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखले. दुसऱ्या दिवशीही दुखले. मी तेल चोळून दिलं. त्यांनी तक्रार केली नाही, उलट कोणत्या पाहुण्याने किती वडे खाल्ले ते सांगत बसल्या.