एमआरआयला न दिसलेली वाळू

“देशपांडे मॅडम, साइन करना है या पूजा करनी है उसकी?” फोनवर आमचे न्यूरोसर्जन सक्सेना सर करवादले. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि स्कॅनच्या क्वालिटी चेकवर माझी, म्हणजे फिजिसिस्टची, सही अडली होती.

पेशंट शबनम, वय एकोणीस, जवळच्या चिनहट गावाहून आलेली, कापडावर चिकनकामाची कशिदाकारी करणारी. तिच्या फिट्स कुठल्याच औषधाला दाद देत नव्हत्या. मेंदूच्या ज्या तुकड्यातून फिट सुरू होते, तो काढायचा. पण कुठला? साधा एमआरआय नॉर्मल, ईईजी गोलमाल. म्हणून पेट स्कॅन केला. त्यात डावी बाजू मंद दिसली. मंद भाग तोच दोषी, असं धरतात. पण बहुतेकांची भाषा डावीकडेच असते. चुकीचा तुकडा कापला, तर फिट्स राहणार आणि शब्द जाणार.

मला ती मंदी खटकत होती. आजार सहसा मेंदूच्या भागांच्या हद्दी पाळतो. ही मंदी कानशिलापासून कानामागे, लहान मेंदूवर, इतकंच काय, डोक्याच्या कातडीवरही पसरलेली. कातडीला कुठून फिट येणार, डोंबल!

पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. मेंदू ती खातो, तिथून किरणं बाहेर येतात. वाटेत हाडं-मांस त्यातली काही अडवतात. अडलेली किरणं गणिताने भरून काढायची, याला अटेन्युएशन करेक्शन म्हणतात. पेट-सीटीत हा अडथळा सीटी मोजतो. आमचं नवं मशीन पेट-एमआर. एमआरआयला पाणी आणि चरबी दिसते, त्यावरून तो अडथळ्याचा अंदाज बांधतो. कोरडी वस्तू त्याच्या लेखी नुसती हवा.

मी थेट टेक्निशियन मिश्राजींकडे गेले. “मिश्राजी, सिर के पास क्या रखा था?”

“कुछ नहीं मॅडम. बस वही पोटली. बिटिया का सिर बाईं ओर लुढ़क रहा था.”

मिश्राजींनी सीटीवर वीस वर्षं काढलेली. डोकं हलू नये म्हणून वाळूच्या छोट्या पिशव्या घरून शिवून आणायचे. सीटीला वाळू दिसायची, करेक्शन आपोआप व्हायचं. नव्या मशीनवर त्या आल्या, तेव्हा एमआरआयचं चुंबक ओढेल असं लोखंड आत नाही ना, हे लोहचुंबक फिरवून मीच तपासलं होतं. वर “वाह, बढ़िया!” म्हणून शाबासकीही दिली. चुंबकाचा विचार केला, किरणांचा केलाच नाही. वाळूने डावीकडची किरणं अडवली आणि मशीनला पत्ताच नाही.

सरांना फोन लावला. “स्कॅन फिर से करना पड़ेगा, सर. ग़लती मेरी है.”

“मॅडम, मैं उस लड़की का दिमाग़ खोलने वाला था.”

“इसीलिए साइन नहीं किया, सर.”

शबनमच्या अम्मीला समोर बसवून सगळं सांगितलं. चूक आमची, आणि सुई पुन्हा त्यांच्या मुलीला. मला मान वर करवत नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, “बस, उसकी ज़बान बचा लीजिए.”

या वेळी डोक्याला हलका फोम लावला. डावी बाजू चक्क ठणठणीत! उजवीकडे मात्र एक छोटा मंद डाग, अगदी हद्द पाळणारा. तो पहिल्या स्कॅनमध्येही होता. डावीकडच्या काळोखापुढे त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. सरांनी सोमवार रद्द केला, ईईजी जास्त वेळ चालवून पुन्हा घेतला. तोही उजवीकडेच बोट दाखवत होता. मग ऑपरेशन उजवीकडे झालं.

तीन महिन्यांनी शबनम तपासणीला आली. “मॅडम, आपकी मशीन कितना शोर करती है! और आपने दो-दो बार लिटाया!” अम्मीने कपाळाला हात लावला. “फिट तो नहीं आती, पर अब यह चुप ही नहीं होती.”

“बोलने दीजिए,” मी म्हटलं. डोळे भरून आले होते, ते कॉम्प्युटरकडे वळवले.

आता आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे: डोक्याजवळ काय ठेवलं? नवं मशीन आलं की जुन्या चांगल्या सवयी आधी तपासाव्यात. वाईट सवयींवर तसंही सगळ्यांचा डोळा असतो.