कापलेलं एक मिनिट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्या व्हिडिओमुळे त्याला खोली सोडावी लागली, तो मी कापला होता.

त्याचं नाव घेत नाही. महाळुंग्यात आमच्या इमारतीत राहून गेलेल्या कुणी हे वाचलं तर ओळखेलच. बाकीच्यांना एवढी खूण पुरे: तो फोन तुमच्यासमोर धरायचा आणि स्वतः पडद्याकडे बघायचाच नाही. तुमच्या तोंडाकडे बघत राहायचा. तुम्हाला हसू फुटलं की त्याचे खांदे हलायला लागायचे. आवाज नाही, नुसते खांदे. मग ठरलेलं वाक्य यायचं.

"हसलात ना? आता एक मिनिट माझं."

त्या मिनिटात येशू असायचा.

तो नगरकडचा, मी परभणीचा. तो हिंजवडीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये, मी दुसऱ्या एका कंपनीत पगाराच्या विभागात. दोघंही पन्नाशीला टेकलेले, दोघांचीही कुटुंबं गावाकडे, आणि एकाच जिन्यावर समोरासमोर खोल्या. घरमालक मूळचे तिथलेच. जमीन विकून तीन मजले चढवले, पण मागचा गोठा ठेवला, कारण मालकीणबाईंना, म्हणजे आमच्या काकूंना, पिशवीतलं दूध चालत नव्हतं. आमच्या एका खिडकीतून टॉवर दिसायचे आणि दुसऱ्या खिडकीतून म्हशीची पाठ.

चमत्कारिक व्हिडिओंचा त्याला फार नाद. कुकरच्या शिट्टीला उलटून बोलणारा पोपट, लग्नात बँडच्या पुढे नाचणारी शेळी. असे शोधून शोधून बघायचा आणि तेवढ्यावर न थांबता स्वतःही काढायचा. रविवारी प्रार्थना आटोपली की कासारसाई धरणाकडे जायचा, वाटेत काहीतरी सापडायचंच. एकदा त्याला स्कूटरच्या पायरीवर उभा राहून मालकाबरोबर बाजाराला जाणारा कोंबडा मिळाला. तो चित्रित करून झाल्यावर याने कॅमेरा स्वतःकडे फिरवला आणि म्हणाला, "या कोंबड्याला रस्ता ठाऊक नाही. चालवणारा ठाऊक आहे. माझं येशूच्या बाबतीत तसंच आहे बघा." हे सगळं तो इंटरनेटवरच्या आपल्या छोट्याशा चॅनलवर टाकायचा आणि आधी मला पाठवायचा.

"मी कुणाला ओढत नाही हां भाऊ," तो मला म्हणायचा. "चांगली जिलेबी खाल्ली की आपण दुकान सांगतोच ना? तेवढंच."

त्याचे व्हिडिओ मी आमच्या ऑफिसातल्या डब्याच्या ग्रुपवर टाकायचो. म्हणजे अर्धे. व्हिडिओ पाठवताना फोनवर खाली एक पट्टी दिसते, ती दोन्ही टोकांनी ओढून आखूड करता येते, हे तुम्हालाही माहीत असेल. "हसलात ना?" जिथे यायचं तिथपर्यंत मी मागचं टोक ओढून आणायचो. कोंबडा राहायचा, येशू जायचा. त्याच्या देवाचं मला वावडं नव्हतं. ऑफिसात कुणी "काय हो, तुम्ही पण का?" असं विचारू नये, एवढंच. शिवाय लोक हसले की माझी वाहवा व्हायची, तीही आवडायची.

संध्याकाळी तो जिन्यात गाठायचा. "पाहिला का लोकांनी?"

"सगळ्यांनी."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मग खिशातली किल्ली काढून तो उगाच दारात उभा राहायचा. माणूस आतून सुखावला की असा उभा राहतो.

एकदा म्हशीने टबात तोंड घातलं ते शिंगांसकट अडकलं. डोक्यावर निळा टब घेऊन ती अंगणभर फिरली. भाडेकरूंच्या लावलेल्या दुचाक्या एकेक करून पाडल्या. मागून काकू ओरडत होत्या, "आगं भवाने, थांब! लोकांची हप्त्याची गाडी हाय ती!" त्याने सगळं टिपलं. शेवटी फोन कठड्याला टेकवून ठेवला, खोबरेल लावून टब काढला आणि मग्यात पाणी घेऊन म्हशीचं खरचटलेलं कपाळ धुऊ लागला. ती हिसडा देऊन बाजूला गेली. तेव्हा काकूच म्हणाल्या, "सर, तुमी सगळ्यांसाठी म्हणता, हिच्यासाठी बी म्हणा की तुमचं ते. लई भेदरलीया." आणि पदर सावरून, हात जोडून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. तोही डोळे मिटून, हातात मगा तसाच धरून प्रार्थना म्हणाला. बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी तो व्हिडिओ कापायला घेतला. नेमकी जागा सापडली, गाडीने गचका दिला आणि पट्टीचं टोक ओढलं ते उलटं. पुढचं गेलं, मागचं राहिलं. न बघता पाठवून दिलं. थोड्या वेळाने कुणीतरी "यात हसायचं काय?" असं लिहिलं तेव्हा कळलं, मग पुसलं. पण तेवढ्यात कुणीतरी तो पुढे ढकलला होता.

आता तुम्हीच बघा त्यात काय दिसत होतं. म्हैस नाही, टब नाही. गावातल्या जुन्या घराण्यातली बाई हात जोडून, डोळे मिटून उभी, आणि तिच्यासमोर हातात पाणी घेतलेला एक माणूस येशूच्या नावाने काही मागतोय.

त्यानंतरच्या सकाळी काकूंच्या माहेराहून, रिह्याहून, त्यांच्या भावाचा फोन आला, "धर्म सोडलास का?" काकू ओट्यावर बसून रडत होत्या. ते बघून माझ्या या शेजाऱ्याने मूळ व्हिडिओ चॅनलवरूनही काढला आणि स्वतःच्या फोनमधूनही पुसला. बाईचा चेहरा आणखी फिरायला नको, म्हणून.

संध्याकाळी भावकीतले काही जण अंगणात आले.

"काय पाद्री, कुणाला पाणी लावून बाटवत व्हता हितं?"

"अहो, म्हशीचं कपाळ धूत होतो मी."

सगळे हसले. "कुटं हाय म्हस? दाखव म्हस!"

"आरं, म्याच म्हटलं व्हतं त्यांना!" काकू दारातून ओरडल्या.

"काकी, तुमी आत जावा."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होतो. तो माझ्याकडे वळला. चेहरा एकदम उजळला त्याचा. "भाऊ, तुम्हाला पाठवला होता ना मी? तुमच्याकडे पूर्ण असेल. दाखवा ना यांना."

फोन माझ्या खिशात होता. त्यात म्हैस होती, टब होता, काकूंच्या तोंडची शिवी होती, आणि "हिच्यासाठी बी म्हणा की" हेही होतं. एवढं दाखवलं असतं तर भांडण तिथेच हसण्यावारी गेलं असतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, हे कापलं कुणी?

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो. "जागा भरते म्हणून पुसून टाकतो मी."

त्याने मान हलवली. खरंच वाटलं त्याला.

मालक खाली बघत म्हणाले, "सर, तुमी वाईट न्हाई. पर मला हितंच ऱ्हायचंय. खोली रिकामी करा."

तो गेला त्या दिवशी टेंपोत सामान मीच चढवू लागलो. गॅसची शेगडी, दोन पेट्या, गुंडाळलेली गादी. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, तुमच्यामुळे माझं एवढ्या लोकांपर्यंत पोचलं. मी एकटा काय करणार होतो?" मी शेगडीची नळी नीट बांधली आहे का ते बघत बसलो.

आता तो त्याच्या गावी असतो. मधूनमधून व्हिडिओ पाठवतो. परवा एक पाठवला: छत्री बघितली की तिच्या आत जाऊन बसणारं बदक. मी मोठ्याने हसलो आणि पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. पुढे काही नव्हतंच. बदकावरच संपला. त्याच्या आधीचे उघडून पाहिले. तेही तसेच.

मी लिहून विचारलं, "तुमचं एक मिनिट कुठं गेलं?"

त्याचं उत्तर आलं, "नको भाऊ. आपल्यामुळे कुणाच्या घराला त्रास नको."

म्हणजे जे मी चोरून करत होतो, ते आता तो स्वतःच्या हाताने करतो.

म्हशीचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये अजून आहे, पूर्ण. काकू रोज गोठ्यात दिसतात, पण माहेरी जायचं त्या टाळतात. मालक जिन्यात भेटतात, पाण्याच्या टाकीविषयी बोलतात. मला दोन गोष्टी करायच्या आहेत. हा व्हिडिओ माझ्या नावाने अंगणात सगळ्यांना दाखवायचा आहे, रिह्याला पाठवायचा आहे. आणि त्याला फोन करून सांगायचं आहे की तो मी कापला, त्याआधीचेही सगळे मीच कापले, त्याचं बोलणं आमच्या ऑफिसात कुणी कधी ऐकलंच नाही. दोन्ही मी अजून केलेल्या नाहीत.