कोणाला तरी पाठव

पाळकाच्या बायकोला पगार नसतो, पण किस्से भरपूर मिळतात! रविवारची उपासना संपली की वसमतच्या आमच्या चर्चची निम्मी मंडळी चहाला आमच्या घरात शिरते आणि चहाबरोबर कोणी ना कोणी काहीतरी ऐकवून जातं. इतकी वर्षं हे ऐकतेय, की आता चहात साखर टाकायची विसरेन, पण किस्सा विसरणार नाही.

त्यातही गेली काही वर्षं सगळे किस्से एकाच दिशेला जातात. आफ्रिकेतल्या मलावी देशाकडे! तिथल्या एका मिशन दवाखान्यात आमची सुवार्ता नर्स आहे. आमच्यातून परदेशी सेवेला गेलेलं ते पहिलंच माणूस. आमची मंडळी म्हणजे तरी केवढी? जरा दाटीवाटीनं बसलो तर दोन जीपमध्ये मावू.

•

सुरुवात तिच्या वडिलांपासून करायला हवी. शामुवेलकाका कुरुंद्याचे, हळदीचे शेतकरी. दर रविवारी मोटारसायकलवर मार्थाकाकूंना मागे बसवून येणार, पहिल्या बाकावर बसणार आणि आमच्या ह्यांनी "कोणी प्रार्थना करील का?" असं विचारलं की लगेच उभे राहणार.

काकांची प्रार्थना लांब! ती पावसापासून सुरू व्हायची, मग हळद, मग गावातली आजारी माणसं, मग कुणाची तरी म्हैस, असं फिरत फिरत शेवटच्या वाक्याला यायची. ते वाक्य मात्र ठरलेलं होतं. "आन प्रभू, ह्या लहान्या मंडळीतून कोणाला तरी दूर देशी तुझ्या सेवेला पाठव. आमेन!" वर्षानुवर्षं हेच. हे वाक्य सुरू झालं की पोरं चपला शोधायला लागत आणि मी मनातल्या मनात चहाचं आधण ठेवत असे.

मग एका रविवारी सुवार्ता उभी राहिली. ती तेव्हा नांदेडला नर्स होती, सुट्टीवर आली होती. म्हणाली, "मलावीच्या मिशन दवाखान्यात मी अर्ज केला होता. माझी निवड झालीय."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! फक्त काकांचे हात मांडीवर होते तसेच राहिले. त्यांना घरात कोणी काही विचारलंच नव्हतं. बाहेर पायरीवर त्यांनी आमच्या ह्यांना गाठलं.

"साहेब, म्या कोणाला तरी म्हनलो होतो!"

"मग काका, ऐकलं की प्रभूनं."

"ऐकलं, पर माझ्याच घरचं लेकरू उचललं की हो!"

त्या दिवसापासून काका शेवटच्या बाकावर गेले. लेकीशी बोलणं बंद आणि मंडळीतली प्रार्थनाही बंद! एकदा मी विचारलं, "काका, हल्ली प्रार्थनेला उठत नाही तुम्ही?"

ते इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "न्हाई बाई. तो खरंच ऐकून राहिला. आता तोंड उघडायचं भ्याव वाटतंय!"

•

कुरुंद्यात बातमी पसरली तेव्हा गावानं आपापला अर्थ लावला. मुलगी परदेशी चालली म्हणजे नवरा तिकडं असणार! काकांच्या शेजारच्या शेतातले गंगाधरराव, बांधाला बांध आणि सुखदुःखाचे सोबती, पेढे मागायला घरी आले.

"जावई काय करतेत?" त्यांनी विचारलं.

"जावई न्हाई," मार्थाकाकू म्हणाल्या.

"बरं. मंग पगार चांगला असंल."

"पगार बी न्हाई. खायापुरतं देतात."

गंगाधररावांनी टोपी मागं सरकवली. "नवरा न्हाई, पगार न्हाई, मंग विमानात बसायचं काहून?"

काकू तेव्हा चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "तिकडं बी बाया बाळंतपणाला अडतात, भाऊ."

जायच्या आदल्या दिवशी गंगाधररावांच्या घरून सुवार्तेची ओटी भरायला खण-नारळ आला. आमच्यात ती पद्धत नाही. पण सुवार्तेनं तो खण डोक्याला लावून घेतला, आणि मला तेव्हा फार बरं वाटलं.

•

बॅग भरायचं काम आमच्या महिला मंडळानं अंगावर घेतलं. पापड आले, चटण्या आल्या, हळद आली, मार्थाकाकूंचं लोणचं आलं, हट्टा गावच्या सोनाबाई आजींनी तर लाटण्यासकट पोळपाट आणला! शिवाय आशीर्वाद म्हणून चौघांनी चार बायबल दिली, चारही जाडजूड. मोंढ्यातल्या धान्याच्या काट्यावर बॅग ठेवली तर काटा पार पलीकडं गेला.

आता काढायचं काय? पोळपाट निघाला. सोनाबाई आजी रुसल्या. तरी वजन जास्तच. सगळ्यांची नजर त्या चार बायबलांवर, पण देवाचं वचन बॅगेतून बाहेर काढणार कोण? आमचे हे खिडकीबाहेर बघायला लागले. पाळकानं बायबल काढलं असं उद्या कोणी म्हणायला नको!

शेवटी मार्थाकाकू पुढं झाल्या. त्यांनी तीन बायबल काढून ह्यांच्या हातात दिली आणि त्या जागी लोणच्याची बरणी बसवली.

"प्रभू तिकडं आधीच पोचलाय," त्या म्हणाल्या. "लोणचं न्हाई पोचलं!"

•

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर सुवार्तेचा व्हिडिओ कॉल असतो. आमचा मुलगा रोहन प्रोजेक्टर लावतो आणि चर्चच्या भिंतीवर सुवार्ता भलीमोठी दिसते. पहिल्या कॉलची आमच्या ह्यांनी जय्यत तयारी केली होती. "सेवेचा अहवाल, मग प्रार्थनेचे विषय, मग गीत." सगळं ठरलेलं!

सुवार्ता दिसल्याबरोबर सोनाबाई आजी उठून भिंतीपाशी गेल्या. "जेवलीस का गं?"

"आजी, इथं आता सकाळ आहे."

"मंग काल काय खाल्लं?"

झालं! अहवाल राहिला बाजूला. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, आणि त्याबरोबर भोपळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याचं कूट घालून. भाजी कशी चिरतात, कूट कधी घालतात, मीठ आधी की नंतर, सगळी चौकशी झाली. सोनाबाई आजींचा चेहरा उतरला.

"हे तं आपल्यासारखंच हाय," त्या म्हणाल्या. "मंग एवढ्या लांब काहून गेली?"

काका कॉलच्या वेळी आत थांबत नसत. बाहेर लिंबाखाली मोटारसायकलवर जाऊन बसत. दोन-तीन महिने असेच गेले. मग एके दिवशी खिडकीबाहेरून मला म्हणाले, "बाई, तो स्पीकर खिडकीत ठिवत जा. बाहेरच्या लोकांला ऐकू येत न्हाई."

मी बाहेर बघितलं. बाहेर फक्त काका होते.

•

एकदा मात्र कॉल मधल्याच वारी आला आणि तो मंडळीला नाही, मला आला. सुवार्ता रडत होती. एक बाई फार उशिरा दवाखान्यात आली, बाळ वाचलं आणि बाई गेली. "ताई, घरी सांगू नका," ती म्हणाली. "पण मी इथं कशाला आले तेच मला कळेनासं झालंय. परत यावंसं वाटतंय."

दुसऱ्याला धीर द्यायची मला सवय आहे. त्या दिवशी मात्र मी नुसती फोन धरून बसले आणि तिच्याबरोबर रडले.

पुढच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. त्या गेलेल्या बाईची आई पायी चालत दवाखान्यात आली होती, हातात एक जिवंत कोंबडी घेऊन. "माझ्या लेकीचा हात तू शेवटपर्यंत सोडला नाहीस," असं म्हणून ती कोंबडी हिच्या हातात देऊन गेली. हिला ती कापवेना. ती आता हिच्या खोलीतच राहते, आणि तिचं नाव हिनं ठेवलंय सोनाबाई!

मला वाटलं, आजी पुन्हा रुसणार. कसलं काय! तेव्हापासून दर कॉलला आजींचा पहिला प्रश्न ठरलेला. "मी अंडं देऊन राहिले का न्हाई?"

•

घरी सांगू नका म्हणाली होती, पण मी किती दिवस कळ काढणार? काका हळद द्यायला आले आणि मी सगळं सांगून टाकलं. ती बाई, ते रडणं, परत यावंसं वाटणं, सगळं. काकांनी चहा बशीत ओतला, पण प्यायलेच नाहीत. जाताना दारात थबकले.

"तिकडं थंडी वाजते काय?"

"कोणाला, काका?"

"तिथल्या लोकांला. इचारून राहिलो आपलं."

पुढच्या रविवारी मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून एक गोधडी आली. मार्थाकाकूंच्या जुन्या लुगड्यांची, नवीकोरी शिवलेली. काकांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कोणी जाणारं असंल तं पाठवा. तिथल्या लोकांसाठी हाय."

गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं 'सुवी' लिहिलेलं होतं. घरात तिला त्याच नावानं हाक मारतात.

•

या वर्षी सुवार्ता सुट्टीवर आली. वाळली होती, काळवंडली होती, आणि हसायला मात्र जास्त शिकून आली होती. पहिल्याच रविवारी अर्पणाची वेळ झाली तशी ती जागेवरून नाचत नाचत पुढं निघाली! तिकडं सगळं चर्च असंच नाचत दान टाकायला जातं म्हणे. आमची मंडळी पुतळ्यासारखी बसलेली. मग सोनाबाई आजी गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या आणि तिच्या मागोमाग निघाल्या. आजींना परत जागेवर आणायला दोघीजणी लागल्या.

घरात मात्र नाच नव्हता. काका समोर बसलेल्या लेकीशी काकूंमार्फत बोलत. "तिला म्हनावं, जेवून घे." "तिला म्हनावं, पंखा लाव." काकू वैतागल्या. "ती काय मलावीत हाय का आता? तुमीच सांगा की!"

तिची ठरलेली मुदत संपली होती, पण तिकडच्या दवाखान्याला सुवार्ता परत हवी होती. तिलाही जायचं होतं. काकांना ती आबा म्हणते. मला ती म्हणाली, "ताई, मागच्या वेळी मी आबांना न विचारता अर्ज केला. या वेळी आबांच्या तोंडून 'जा' ऐकल्याशिवाय मी पाय उचलणार नाही. नाही म्हणाले तर नांदेडला नोकरी धरीन." तिचा जीव तिकडं अडकलाय हे मला दिसत होतं, आणि काकांचं तोंड काही उघडत नव्हतं. तिकडच्यांना कळवायची वेळ अगदी जवळ आली होती.

•

अशात हंगामाचा सण आला. त्या दिवशी ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातला पहिला वाटा चर्चमध्ये वेदीपुढं ठेवतात. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, काकांची हळद. वासानंच पोट भरावं असं चर्च झालं होतं. सुवार्ता माझ्या शेजारी बसली होती.

आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "कोणी प्रार्थना करील का?"

शेवटचा बाक करकरला. शामुवेलकाका उभे राहिले होते! सगळ्यांनी डोळे मिटायच्या ऐवजी उघडले.

काका पावसापासून सुरू झाले. मग हळद, मग आजारी माणसं, मग गंगाधररावांची गाभण म्हैस. तीच जुनी वाट, फक्त आवाज बसलेला होता. फिरत फिरत ते शेवटच्या वाक्यापाशी आले आणि थांबले.

"प्रभू, मागं म्या 'कोणाला तरी पाठव' असं म्हनत होतो. ते बराबर न्हाई. दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर मागत होतो म्या. आता तसं मागणार न्हाई. आज नाव घेऊन मागतो."

काकांनी मागितलेलं मिळतं हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या बाकावरच्या एकीनं आपल्या मुलाचा दंड घट्ट धरला. रोहन नुकताच इंजिनिअर झालाय, त्याच्यासाठी आम्ही स्थळं बघतोय. मी, पाळकाची बायको, डोळे गच्च मिटून मनात म्हणाले, प्रभू, आमचं नाव नको रे!

काकांनी हात जोडले.

"माझ्या सुवीला पाठव," ते म्हणाले. "आन काम झालं की परत बी आन. आमेन."