विरघळलेले हातमोजे

महाळुंग्यात कंपन्यांच्या गेटवर आम्ही युनियनवाले पत्रकं वाटतो: ‘रंग काढताना हातमोजे हा हक्क आहे, उपकार नाही!’ सोबत पातळ रबरी हातमोजेही देतो. माझा थोरला भाऊ काळेवाडीत मोटरसायकली दुरुस्त करतो. त्यालाही एक जोड मीच दिला.

परवा तो दुकानाबाहेर बसून इंजिनाच्या झाकणावरचा जुना रंग रिमूव्हरने काढत होता. "तुझेच हातमोजे घातलेत बघ, पुढारी! आता पत्रकावर माझा फोटो छाप," असं म्हणाला आणि लगेच हात झटकायला लागला. रबर फुगून फाटलं होतं, रिमूव्हर आत शिरला होता. नळाखाली हात धरला तरी बोटं पोळलीच. डब्यावर स्पष्ट छापलं होतं, रसायन सोसणारे जाड हातमोजेच वापरा. मालकांना जाब विचारत फिरतो मी, पण तो डबा एकदाही वाचला नव्हता.

आज गेटवर मी हातमोज्यांचा गठ्ठा उघडलाच नाही. "रिमूव्हरला हे हातमोजे चालत नाहीत, टाकून द्या," एवढंच सांगितलं.

"मग वाटले कशाला, राव?" एका कामगाराने विचारलं आणि हात पुढे केला. त्याचीही बोटं सोललेली होती.