दुधाच्या टोपावरचं तोंड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मुरुडच्या एसटी स्टँडवरच्या आमलेटवाल्या मावशीचं नाव घेतो. आईवडिलांचं नाव त्यानंतर येतं. ते रागवत नाहीत. त्यांनाही कारण माहीत आहे.

“तोंड आन इकडं,” मावशी म्हणायची आणि समोरच्याच्या होकाराची वाट न बघता आपला उजवा पंजा त्याच्या चेहऱ्यावर पसरायची. अंगठा एका कानाशी, करंगळी दुसऱ्या कानाशी. कांद्याचा वास थेट नाकात जायचा. दोन क्षण डोळे मिटून ती काहीतरी मोजायची आणि निकाल द्यायची, “डालीचा टोप.”

नव्या माणसाला वाटायचं, शिवी दिली. पण ते माप होतं, डाळ शिजवायच्या टोपाचं. शिमग्यात कोळीवाड्यातल्या तिच्या गल्लीची सोंगं निघायची, राक्षस, अस्वल, वाघ, म्हातारी, आणि त्यांचे सगळे मुखवटे मावशी घरी बनवायची. साचा म्हणजे तिच्या स्वयंपाकघरातली भांडी. टोप पालथा घालायचा, बुडाला तेल लावायचं आणि त्यावर कागदाचे थर चढवायचे. ज्याचा जसा चेहरा, तसा त्याचा टोप. त्यामुळे गल्लीतली निम्मी माणसं तिला भांड्यांवरून ठाऊक होती. मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो, त्याचे मालक भाताचा टोप होते. एका लॉजवाल्याचा चेहरा बघून तिनं सरळ हात टेकले होते. “ह्याला परात लागंल.”

मी दुधाचा टोप. तिच्या घरातला सगळ्यात लहान.

आमचं दुकान आणि तिची गाडी यांच्यामध्ये एक पत्रा होता. मी सकाळी कॉलेज करायचो आणि दुपारपासून झेरॉक्स मशीनवर उभा राहायचो. माझे वडील लांब आमच्या गावी दुसऱ्याच्या नारळी-सुपारीच्या वाडीत पाणी शिंपायचे. आमच्या घरात तोपर्यंत कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात काय चालतं ते विचारणारंही कुणी नव्हतं. मावशी विचारायची. तिला कळायचं काहीच नाही, पण विचारायची रोज. “आज काय शिकवला?” मी सांगायचो, मागणी आणि पुरवठा. ती आमलेट उलटत म्हणायची, “त्यात काय शिकवायचा? शेवटच्या गाडीला पाव उरला की कलतो.”

दुकानातले खराब झालेले कागद संध्याकाळी तिच्याकडे जायचे. अंड्यांचे रिकामे ट्रे तिच्याकडे होतेच. ते ती दिवसभर पाण्यात भिजत घालायची, पिळायची आणि मैद्याच्या खळीत भाकरीच्या पिठासारखे मळायची. त्यातून नाकं, भुवया, शिंगं निघायची. काथ्याच्या मिशा, अंड्याच्या टरफलांचे दात, जुन्या लुगड्याच्या किनारीचे बंद. विकत आणायचा तो फक्त रंग.

एकदा मदत करावी म्हणून मी कात्रीनं कागदाच्या छान सारख्या पट्ट्या कापून दिल्या. तिनं त्या बघितल्या आणि चुलीजवळ ठेवून दिल्या.

“मावशी, चांगल्या सरळ कापल्यात की!”

“म्हनून तर. कापल्याली कड उचलते, फाटल्याली बसते. हातानं फाड, बाला.”

तिचे असे काही नियम होते. पहिला थर नुसत्या पाण्यानं लावायचा, खळ दुसऱ्यापासून. “चांगला कागद आतून. तो तोंडाला लागतो. भायेर काय, रंगच फासायचाय.” डोळ्यांची भोकं सगळ्यात शेवटी, आणि ज्याचा मुखवटा तो समोर बसल्याशिवाय नाही. आणि ज्या कागदावर माणसाचा फोटो असेल तो फाडायचा नाही. वाढदिवसाच्या जाहिराती, निवडणुकीची पत्रकं, हरवल्याच्या सूचना, सगळे चेहरे ती बाजूला काढून फडताळात ठेवायची. त्यातले काही पुढारी पडून कितीतरी वर्षं झाली होती, पण मावशीच्या फडताळात ते हात जोडून उभेच होते.

नियम इतके पक्के असूनही एका वर्षी घोटाळा झालाच. अंगणात सावली आली म्हणून तिनं मुखवटे बोंबील सुकवायच्या काठ्यांवर टांगले. दोन दिवस बोंबील आणि राक्षस शेजारी शेजारी वाळले. सोंगं निघाली त्या दिवशी राक्षस पुढे आणि गल्लीतली सात-आठ मांजरं त्याच्या मागे. एकीनं तर उडी मारून कानच पळवला. राक्षस झालेला पोरगा रडकुंडीला आला. “मावशी, लोक हसतायत!”

“हसू दे. खरा राकेस हाय म्हनून जनावर ओलखतंय,” मावशी म्हणाली आणि तिनं उरलेला कान हुंगून बघितला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितो आहे ती सांगतो.

शेवटच्या वर्षाला माझा एक विषय राहिला, अर्थशास्त्राचा. घरी सांगितलं नाही. पुन्हा परीक्षेला बसायचा फॉर्म दुकानातच छापून घेतला. वर कोपऱ्यात माझा फोटो होता. तो हातात घेऊन बसलो आणि वाटलं, पुरे झालं. चुलतभाऊ न्हावा शेव्याला ट्रेलरवर होता. क्लीनर म्हणून ये, म्हणत होता. फॉर्म मी रद्दीच्या खोक्यात टाकला. भरायला एकच दिवस उरला होता, आणि तो दिवस मी मुद्दाम जाऊ देणार होतो.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडतो तर मावशी फळीसमोर उभी. हातात फॉर्म, कोपऱ्याला खळीचा अंगठा उमटलेला.

“ह्या तोंडाला काय झाला?”

“मावशी, तो रद्दीतला आहे.”

“ते मला कलतं. रोज तुजीच रद्दी नेते मी. ह्यात तुजा तोंड कसा आला?”

मी नापास झाल्याचं सांगितलं. ट्रेलरचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रागावेल किंवा समजूत काढेल. तिनं फॉर्म फळीवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

“माज्या हातनं तोंड फाटत न्हाय. तुला नको असंल तर तू फाड. माज्यासमोर. मग मी पट्ट्या लावते.”

“तसं नाही, मावशी...”

“फाड की. एक कागद तर हाय. हातानं फाड, कातर नको घेऊस.”

मी कागद दोन्ही हातांत धरला. फोटोत मी उसना शर्ट घालून ताठ बसलो होतो. स्टँडवर अलिबागची गाडी लागली, गिऱ्हाइकं मावशीला हाका मारू लागली, पण ती हलली नाही. माझे हात तसेच राहिले. शेवटी तीच म्हणाली, “न्हाय ना फाटत? मग भर. आनि मालकाला सांग, हा कागद चिकट झालाय, दुसरा छापून दे.”

दुपारपर्यंत फॉर्म भरला गेला. पुढच्या खेपेला मी पास झालो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. न्हावा शेव्याला मी गेलोच, पण ट्रेलरवर नाही. ज्या कचेरीत ट्रेलरचे कागद येतात, तिथे टेबलावर बसायला गेलो. नोकरी लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मावशीला पत्र लिहिलं. फोनवर तिला स्टँडच्या गोंगाटात काही ऐकू यायचं नाही.

त्या शिमग्याला मी मुरुडला उतरलो तेव्हा पत्र्यापलीकडे गाडी नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी मावशी गेली होती. झोपेत, कुणाला त्रास न देता. मला कळवायला तिच्या घरच्यांकडे माझा पत्ता नव्हता, आणि गावी माझ्या आईवडिलांपर्यंत बातमी पोचलीच नव्हती. तो पाकिटावर होता, आणि पाकीट कधीच लगद्यात गेलं होतं; पत्र कुठे आहे ते तिच्या घरी गेल्यावर कळलं.

तिच्या सुनेनं फडताळातून एक मुखवटा काढून दिला. “तुमच्यासाठी केला होता. दुधाच्या टोपावरचा.” वाघ होता. रंग झालेला, काथ्याच्या मिशा लावलेल्या. डोळे मात्र पाडायचे राहिले होते.

मी तो उलटा केला. आतून माझं पत्र होतं. पट्ट्या नाहीत, अख्खा कागद. गोलाईवर घड्या पडल्या होत्या, पण बॉलपेनची शाई फुटली नव्हती.

“मीच वाचून दाखवलं त्यांना, तीनदा,” सून म्हणाली. “लावताना म्हटलं, पट्ट्या करू का? तर म्हणाल्या, फाडू नको, त्यात त्याचा तोंड हाय.”

पत्रावर फोटो नव्हता.

तो वाघ आता माझ्या खोलीत आहे. त्याला डोळे मी पाडले नाहीत. आतला मजकूर असा:

‘प्रिय मावशी,

नोकरी लागली. कचेरीत ओळखपत्रासाठी फोटो मागितला. दुसरा नव्हता, म्हणून फॉर्मवरचाच दिला. रोज सकाळी गेटवर तेच तोंड दाखवतो, मग आत सोडतात. काल बाबा इथे आले होते, त्यांनी ते ओळखपत्र हातात घेतलं आणि पुसून परत दिलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

इथलं आमलेट बेचव आहे. शिमग्याला नक्की येतो. या वर्षी मलाही सोंग घ्यायचंय, एक मुखवटा माझ्या मापाचा कर. माप तुला ठाऊक आहेच. घाई करू नकोस. डोळे मी समोर बसल्यावर पाड.

तुझा,
दुधाचा टोप’